जुमो ००४ चं आयुष्य २५ तास का होतं?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जुमो ००४ हे जेट इंजिन १० ते २५ तासांत विमानावरून उतरवावं लागायचं. त्याच सुमाराचं ब्रिटिश वेलंड मात्र दोन ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्त्यांच्या, मध्ये सुमारे १८० तास चालायचं. मग जर्मनांनी अक्षीय कॉम्प्रेसर (हवा सरळ मागे ढकलत पात्यांच्या एकापाठोपाठच्या रांगांनी दाबणारा) निवडला हीच चूक होती का?

नाही. त्या २५ तासांशी अक्षीय कॉम्प्रेसरचा फारसा संबंध नाही. जेट इंजिनात पुढे हवा दाबणारा कॉम्प्रेसर, मध्ये इंधन जाळणारा दहनकक्ष आणि मागे गरम वायूने फिरून कॉम्प्रेसर चालवणारं टर्बाइन असतं. जुमो पुढून नाही, मागून संपायचं. दहनकक्षाचे पत्रे, टर्बाइनआधीची स्थिर पाती आणि टर्बाइनची फिरती पाती, ही त्याची मरणाची ठिकाणं. तिथे जी मिश्रधातू हवी होती ती जर्मनीकडे पुरेशी नव्हती, आणि हे ठाऊक असूनच इंजिनाची रचना केली होती. म्हणून या इंजिनाकडे 'फसलेली रचना' म्हणून बघणं मला पटत नाही. निकेल, कोबाल्ट आणि मोलिब्डेनम हाताशी नसताना जेट इंजिन कसं बांधायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

आधी आकडे मांडू, म्हणजे टर्बाइनवर किती बोजा असतो ते दिसेल. जुमो ००४बी, म्हणजे उत्पादनात गेलेली आवृत्ती, दर सेकंदाला साधारण २१ किलो हवा घ्यायचं. आठ टप्प्यांचा (पात्यांच्या आठ जोड-रांगांचा) कॉम्प्रेसर तिचा दाब सुमारे ३.१ पट करायचा, कार्यक्षमता ७८ टक्क्यांच्या आसपास. जमिनीवर १५ अंश सेल्सिअसची हवा आत आली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्ये ती ११० अंशांनी तापेल. ७८ टक्के कार्यक्षमतेला ती १४१ अंशांनी तापते. २१ किलो हवा दर सेकंदाला १४१ अंश तापवायची म्हणजे जवळपास ३,००० किलोवॅट, म्हणजे ४,००० अश्वशक्ती. त्या काळच्या लढाऊ विमानाचं अख्खं पिस्टन इंजिन यापेक्षा कितीतरी कमी शक्ती द्यायचं. इथे एवढी शक्ती नुसती हवा दाबण्यात खर्च होते, आणि ती सगळी एकाच टप्प्याच्या टर्बाइनने, मिनिटाला ८,७०० फेऱ्यांना, पुरवायची असते. टर्बाइनच्या तोंडाशी वायू सुमारे ७७५ अंशांवर असायचा. एवढं काम करून तो सव्वाशे अंशांनी थंड होतो, आणि उरलेल्या उष्णतेतून व दाबातून नोझलमध्ये, म्हणजे वायू बाहेर पडण्याच्या मागच्या तोंडात, ९०० किलोंचा रेटा मिळतो.

आता कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७८ वरून ६५ टक्क्यांवर आली असं धरा. पाती धुळीने खरखरीत झाली किंवा टोकाशी फट वाढली की ती अशी घसरू लागते. तेवढाच दाब हवा असेल तर सुमारे ६०० किलोवॅट जास्त लागतील. ते येणार कुठून? जास्त इंधनातून, म्हणजे जास्त तापमानातून. सुरुवातीच्या सगळ्या जेट इंजिनांमध्ये, ब्रिटिश असोत की जर्मन, पुढचा प्रत्येक दोष शेवटी टर्बाइनच्या अंगावर येतो तो असा. टर्बाइनचं पातं वितळलेलं दिसलं तरी तपास कॉम्प्रेसरच्या तोंडापासूनच सुरू करायला हवा.

टर्बाइनची मध्य-त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली, तर ८,७०० फेऱ्यांना तिथला प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे २५,००० पट येतो. १०० ग्रॅमचं पातं आपल्या मुळाला अडीच टनांनी ओढतं, आणि ते लालभडक असताना. अशा स्थितीत धातू एकदम तुटत नाही, हळूहळू लांबत जातो. यालाच क्रीप म्हणतात. पातं लांबलं की टोक कवचाला घासतं, किंवा पात्यात सूक्ष्म भेगा जमत जाऊन ते एक दिवस निसटतं. कारखान्यात धरला जाणारा ढोबळ नियम असा, की तापमान १० ते १५ अंशांनी वाढलं की क्रीपचं आयुष्य निम्म्यावर येतं. वैमानिकाने काही सेकंद जादा तापमान होऊ दिलं, तर त्याची किंमत तासांत मोजावी लागते ती यामुळे.

डेसाऊच्या युंकर्स कारखान्यात आन्सेल्म फ्रान्त्स यांच्या हाताखाली १९३९ मध्ये काम सुरू झालं आणि पहिलं ००४ए ११ ऑक्टोबर १९४० ला चाचणी-मंचावर फिरलं. या ए आवृत्तीत निकेल, कोबाल्ट, मोलिब्डेनम मोकळ्या हाताने वापरले होते. इंजिन जड होतं, सुमारे ८५० किलो, पण तत्त्व सिद्ध करायला पुरेसं. या धातूंवर उत्पादन उभं राहणार नाही हे स्पष्ट असल्यामुळे बी आवृत्ती सुमारे १०० किलोंनी हलकी केली आणि गरम भागांतून दुर्मिळ धातू जवळजवळ काढून टाकले. एका इंजिनात क्रोमियम २.२ किलोंच्या आत आणलं होतं. दहनकक्षाच्या आतल्या नळ्या साध्या मऊ पोलादाच्या. त्यावर अ‍ॅल्युमिनियम फवारून भट्टीत भाजायचे, म्हणजे वर एक थर तयार होतो आणि पोलादाचं ऑक्सिडीकरण लांबतं. युक्ती चांगली आहे, पण थराला एकदा चीर गेली की खालचा पत्रा झपाट्याने जळतो. बर्नरसमोरची जागा आधी फुगते, मग भोक पडतं, आणि तुटलेला तुकडा सरळ टर्बाइनमध्ये जातो.

टर्बाइनच्या पात्यांसाठी आधी टिनिडूर होतं. लोखंडावर आधारलेली मिश्रधातू, त्यात सुमारे ३० टक्के निकेल, १५ टक्के क्रोमियम आणि थोडं टायटॅनियम. पाती भरीव, घडवलेली. पुढे ती पोकळ केली आणि कॉम्प्रेसरमधली थोडी हवा मुळातून आत सोडून टोकाकडून बाहेर काढली. टिनिडूरला वेल्डिंग जमत नाही, म्हणून ही पोकळ पाती सपाट चकतीपासून दाबून, ओढून, नळीसारखी करत आणावी लागत. मग क्रोमाडूर आलं: साधारण १२ टक्के क्रोमियम, १८ टक्के मँगेनीज, निकेल नाही. त्याची क्रीपची ताकद टिनिडूरपेक्षा कमी, पण पत्रा दुमडून मागच्या कडेला वेल्ड करता येतो. धातू कमकुवत घ्यायचा आणि हवेने थंड ठेवून ती उणीव भरून काढायची, असा हा व्यवहार होता. आज प्रत्येक मोठ्या जेट इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनमध्ये थंड केलेली पोकळ पाती असतात. ती जुमोमध्ये आली ती कार्यक्षमतेसाठी नव्हे, टंचाईमुळे.

पात्यांचा दुसरा शत्रू कंपन. त्याचे दोन प्रसंग वेगवेगळे आहेत, पण वाचनात ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. पहिला कॉम्प्रेसरचा. १९४१ च्या सुरुवातीला ००४ए ची स्थिर पाती तुटू लागली. ती बाहेरच्या टोकाला धरून आत लोंबकळती ठेवली होती, त्यामुळे सहज थरथरत. पात्यांची रचना बदलून आणि धातू पोलादाचा करून ते आवरलं. ऑगस्ट १९४१ मध्ये रेटा ६०० किलो मिळाला आणि डिसेंबरमध्ये १,००० किलोंवर १० तासांची धाव पूर्ण झाली.

दुसरा प्रसंग १९४३ चा, टर्बाइनचा. पूर्ण वेगाला पाती तुटत होती, आणि क्रीपने जसं तुटावं तसं नाही. कारण मोजणीत सापडलं. दहनकक्ष सहा होते. प्रत्येक फिरतं पातं एका फेरीत सहा वेळा गरम-थंड, दाट-विरळ झोतातून जायचं. ९,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९०० धक्के. पात्याची स्वतःची कंपनसंख्या या धक्क्यांशी जुळली की ते काही मिनिटांत थकून तुटतं. टर्बाइनमागच्या नोझलच्या आधारदांड्या त्यात भर घालत. पात्यांची कंपनसंख्या ठरवायला सूर अचूक ओळखणारा एक संगीतकार बोलावला आणि त्याने पात्यांवर व्हायोलिनचा गज फिरवून सूर सांगितले. उपाय तीन मिळून झाला: पातं १ मिलिमीटरने आखूड केलं, त्याचा टोकाकडचा निमुळतेपणा वाढवला, आणि कमाल वेग ९,००० वरून ८,७०० वर आणला. पहिल्या दोन उपायांनी पात्याचा सूर वर गेला, तिसऱ्याने धक्के सेकंदाला ८७० वर उतरले. दोघांमध्ये अंतर पडलं आणि डिसेंबर १९४३ पर्यंत प्रश्न सुटला. टर्बाइनची रचना करताना दहनकक्षांची, आधारदांड्यांची आणि पात्यांची संख्या एकत्र तपासायची असते. हा धडा इथे फार महागात शिकावा लागला.

आता थ्रॉटल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा वैमानिकाचा दांडा. २५ तासांतले बरेच तास इथे खर्च व्हायचे. इंजिन सुरू करायला तोंडाच्या शंकूत दोन स्ट्रोकची सुमारे १० अश्वशक्तीची रीडेल मोटर बसवलेली असायची. ती विजेने सुरू व्हायची, नाहीतर समोरची कडी हाताने ओढून. तिने रोटर (इंजिनाचा फिरणारा भाग) मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर आणला की पेट्रोल फवारून ठिणगी द्यायची. २,००० च्या आसपास मुख्य इंधन, डिझेलसारखं जे२, सोडायचं आणि रीडेल बंद करायची. मुख्य इंधन आधी सोडलं तर हवा पुरेशी नसते. ज्वाला दहनकक्षातून बाहेर येऊन स्थिर पात्यांवर पोचते, आणि एका सुरुवातीत कित्येक तासांचं आयुष्य जातं.

हवेत किंवा धावपट्टीवर ६,००० फेऱ्यांच्या खाली थ्रॉटल अगदी हळू ढकलायचा. कारण असं: इंधन एकदम वाढलं की वायू फुगतो, कॉम्प्रेसरच्या मागे दाब चढतो, पण जड रोटर लगेच वेग घेत नाही. कमी वेगाच्या पात्यांना तो दाब पेलत नाही, त्यांच्या पाठीवरून प्रवाह सुटतो, हवा कमी होते, आणि इंधन मात्र तेवढंच राहतं. तापमान झपकन चढतं. उलट थ्रॉटल झटक्यात मागे घेतला तर ज्वाला विझते. पुढे इंधनाची वाढ आपोआप मर्यादित करणारा झडपेचा बंदोबस्त आला, पण सगळ्या इंजिनांना तो मिळाला नाही. नोझलमध्ये पुढे-मागे सरकणारा शंकू होता, त्याच्या आकारामुळे जर्मन त्याला 'कांदा' म्हणत. सुरुवातीला तो आत घेऊन वाट मोठी ठेवायची, म्हणजे मागचा दाब कमी राहतो. उड्डाणात तो मागे सरकवून वाट लहान करायची.

दहनाच्या बाबतीत दोन्ही देशांना एकच अडचण होती, फक्त वाट वेगळी. जुमोच्या आकड्यांवरून हिशेब केला तर १ किलो इंधनाला सुमारे ६० किलो हवा येते, तर इंधन नीट जळायला १५ किलो पुरते. सगळी हवा एकदम मिसळली तर ज्वाला टिकतच नाही. म्हणून साधारण चौथा हिस्सा पुढच्या भागात घोळवायचा, तिथे ज्वाला पकडून ठेवायची, आणि उरलेली हवा भोकांतून मागे सोडून वायू टर्बाइनला सोसेल इतका थंड करायचा. जुमोमध्ये त्यासाठी इंधन प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला फवारलं जायचं. पूर्ण रेट्याला तासाला साडेबाराशे किलो इंधन जळायचं. ही मिसळण सारखी झाली नाही तर सरासरी ७७५ अंश असूनही एखादा पट्टा फार गरम राहतो. फिरतं पातं सगळ्या पट्ट्यांतून जातं, त्याला सरासरी मिळते. स्थिर पातं मात्र त्या एकाच पट्ट्यात उभं असतं आणि आधी जळतं. त्यामुळे तपासणीत स्थिर पाती आधी बघायची.

वेलंड ज्यांच्या रचनेतून आलं ते ब्रिटिश अभियंते फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन १२ एप्रिल १९३७ ला रग्बीमध्ये फिरलं, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी घाबरवलं: इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढत राहिला. सुरुवातीच्या तयारीत गळलेलं इंधन दहनकक्षाच्या तळाशी साठलं होतं, आणि ते जळून संपेपर्यंत इंजिन हाताबाहेर होतं. उपाय साधा, तळाला निचरा. आजही फसलेल्या सुरुवातीनंतर इंधन बंद ठेवून इंजिन कोरडं फिरवतात, ते याच कारणासाठी. व्हिटल यांची मोठी अडचण मात्र पुढची अनेक वर्षं दहनाचीच राहिली. इंधनाची आधी वाफ करणाऱ्या नळ्यांमध्ये कोळसा साचे, नळ्या वाकत, ज्वाला हलत. १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबक यांनी दाबाने बारीक फवारा करणारा बर्नर दिला तेव्हा गाडी रुळावर आली. दहनकक्ष दहा, आणि हवा त्यांत उलटी वळवून पुन्हा पुढून मागे नेलेली. त्यात दाब थोडा वाया जातो, पण कॉम्प्रेसर आणि टर्बाइन जवळ येतात, शाफ्ट आखूड राहतो आणि तो डोलण्याचा धोका टळतो. १५ मे १९४१ ला क्रॅनवेलहून ग्लॉस्टर ई.२८/३९ उडालं, ते याच मांडणीच्या डब्ल्यू.१ इंजिनावर. रेटा सुमारे ३९० किलो.

व्हिटल यांचा कॉम्प्रेसर अपकेंद्री, म्हणजे फिरत्या चकतीने हवा मध्यातून कडेकडे फेकून दाबणारा, आणि दोन्ही बाजूंनी हवा घेणारा. ४८ सेंटीमीटर व्यासाची चकती १६,५०० फेऱ्यांना फिरली की कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४१५ मीटर होतो, ध्वनीच्याही वर. जे दाबगुणोत्तर जुमो आठ टप्प्यांत गाठायचं ते इथे एका टप्प्यात मिळतं. भाग थोडे, ताकद भरपूर, एखादा खडा गिळला तरी चकती सहसा टिकते. पण तो रुंद असतो आणि एकापाठोपाठ टप्पे जोडणं अवघड, म्हणून पुढे वाढायला जागा कमी.

मग वेलंडचे १८० तास आले कुठून? माझ्या मते मुख्यतः निकेलमधून. ब्रिटनकडे कॅनडाचं निकेल होतं आणि माँड निकेल कंपनीने निमोनिक ८० तयार केलं होतं: सुमारे तीन चतुर्थांश निकेल, २० टक्के क्रोमियम, थोडं टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम. शेवटचे दोन घटक निकेलशी मिळून धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार करतात आणि क्रीप रोखून धरतात. पात्याच्या मुळाला सूचिपर्णी झाडासारखे दाते देऊन भार अनेक पायऱ्यांवर वाटला. याशिवाय रोल्स-रॉइसने १९४३ च्या सुरुवातीला काम हाती घेतल्यावर चाचण्यांचा वेग वाढला, आणि वेलंडचा रेटा ७२५ किलोंच्या आसपासच ठेवला. कमी मागितलं, म्हणून ते जास्त टिकलं. व्हिटल यांच्या टर्बाइनमध्ये क्रोमाडूरची पाती आणि मऊ पोलादाचे दहनकक्ष घातले असते, तर तेही २५ तासांच्याच घरात आलं असतं असं मी खात्रीने म्हणेन.

२५ तासांमागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती टाळता येत नाही. जुमो ००४ चं बरंच उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या भुयारी कारखान्यात झालं, आणि तिथे सक्तीने आणलेले परदेशी कामगार अमानुष स्थितीत राबत होते. सुमारे ३७५ मनुष्य-तासांत एक इंजिन होतं, हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. तो वाचताना ते तास कुणाचे होते हेही लक्षात असावं. अशा जागेतून आलेल्या दोन इंजिनांत फरक पडणारच, आणि '१० ते २५' एवढी मोठी पसरट मर्यादा काही अंशी त्यामुळेही आहे.

अक्षीय मांडणीची खरी अडचण आयुष्य नव्हे, सर्ज होती: थ्रॉटलच्या परिच्छेदात सांगितलेला तोच प्रवाह सुटण्याचा प्रकार, फक्त जास्त टप्प्यांमध्ये जास्त जोराचा. तो सोडवायला युद्धानंतरही वर्षं लागली. भारतीय हवाई दलाची पहिली जेट विमानं बघा. १९४८ च्या व्हँपायरमध्ये गॉब्लिन, १९५३ च्या तूफानीमध्ये नीन, ही दोन्ही अपकेंद्री इंजिनं. १९५७ पासून आलेल्या हंटरमध्ये मात्र रोल्स-रॉइसचं अक्षीय एव्हन होतं. हंटरच्या पहिल्या ब्रिटिश आवृत्तीत तोफा झाडल्या की त्यांचा धूर तोंडात जाऊन एव्हन सर्ज व्हायचं आणि कधी विझायचं. त्यावर उपाय केला तो असा, की तोफेचा घोडा दाबताच इंधन क्षणभर आपोआप कमी व्हावं, म्हणजे कॉम्प्रेसरमागचा दाब उतरतो आणि प्रवाह पात्यांना चिकटून राहतो.